तिजोरी मोठी, म्हणून जय आपला?

दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला केंद्रीय अर्थसंकल्प मांडला जातो आणि संध्याकाळपर्यंत वृत्तवाहिन्यांवर एक ठरलेला वाद सुरू होतो. संरक्षणावरचा खर्च जीडीपीच्या दोन टक्क्यांच्या खाली का घसरला? संसदेच्या स्थायी समितीने तीन टक्क्यांची शिफारस केली होती, तिचे काय झाले? चीन आपल्या साडेतीन पटींहून अधिक खर्च करतो, त्याच्यासमोर आपण टिकणार कसे? २०२५-२६ साली संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये मिळाले. केंद्र सरकार खर्च करते त्या दर साडेसात रुपयांतला जवळपास एक रुपया तिथे जातो. एवढ्या मोठ्या रकमेवरचा आपला वाद टक्क्यांवर सुरू होतो आणि टक्क्यांवरच संपतो. जास्त पैसा म्हणजे जास्त बळ आणि जास्त बळ म्हणजे विजय, हे त्यात सगळ्यांनीच गृहीत धरलेले असते. ते गृहीत कितपत खरे आहे, हे तपासून पाहण्याची ही वेळ आहे.

कारण सारे जगच सध्या या गृहीतावर चालले आहे. जगाच्या लष्करी खर्चाची मोजदाद ठेवणाऱ्या स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेच्या हिशेबाने २०२४ साली सर्व देशांनी मिळून २,७१८ अब्ज डॉलर लष्करावर घातले, आदल्या वर्षापेक्षा ९.४ टक्के अधिक. शीतयुद्ध संपल्यापासून एका वर्षात एवढी वाढ झाली नव्हती. अमेरिका ९९७ अब्ज, चीन अंदाजे ३१४ अब्ज, रशिया अंदाजे १४९ अब्ज, जर्मनी ८८.५ अब्ज आणि पाचव्या क्रमांकावर भारत, ८६.१ अब्ज. जून २०२५मध्ये हेगच्या बैठकीत नाटो देशांनी २०३५पर्यंत जीडीपीच्या पाच टक्के खर्च करण्याचे ठरवले. साडेतीन टक्के थेट लष्करावर आणि दीड टक्का पूल, बंदरे, सायबर सुरक्षा अशा पूरक कामांवर. हा पैसा शाळा, दवाखाने आणि पेन्शनी ज्या तिजोरीतून चालतात तिच्यातूनच यायचा आहे.

या प्रश्नावर इतिहासकारांनी आणि युद्धशास्त्राच्या अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. ते वाचल्यावर माझे मत असे बनले आहे की पैसा वेळ विकत घेतो. पराभव लांबवायला, चूक सुधारायला, पहिल्या फटक्यातून सावरायला लागणारा वेळ पैशाने मिळतो. त्या वेळेचे काय करायचे हे मात्र पैसा सांगू शकत नाही. शिवाय पैशाचे शस्त्र व्हायलाही वेळ लागतो, आणि तो वेळ युद्ध सुरू झाल्यावर कोणत्याही किमतीला मिळत नाही.

जुन्या विचारवंतांना हे ठाऊक होते. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली, त्यांत कोश सैन्याच्या आधी येतो. आपले वक्ते एवढेच सांगून थांबतात. त्याच यादीत कोशाच्याही आधी स्वामी, अमात्य, जनपद आणि दुर्ग आहेत: निर्णय घेणारा, तो अमलात आणणारे, पिकवणारी प्रजा आणि तिच्या रक्षणाची ठाणी. यांच्याशिवाय कोश भरतही नाही आणि कामीही येत नाही. युरोपात सिसरोने अमर्याद पैशाला युद्धाचे स्नायू म्हटले. सोळाव्या शतकात मॅकियाव्हेलीने त्या मताला उघड विरोध केला. सोने देऊन चांगले सैनिक मिळतीलच असे नाही, चांगले सैनिक मात्र सोने मिळवून आणतात, असे त्याचे म्हणणे.

या दोन मतांची कसोटी पाहायला महाराष्ट्राइतकी चांगली भूमी क्वचितच सापडेल. १६८१च्या अखेरीस औरंगजेब दक्षिणेत उतरला तेव्हा मोगल बादशाही जगातल्या सर्वांत श्रीमंत सत्तांपैकी एक होती. १६८६ला विजापूर पडले, १६८७ला गोवळकोंडा. १६८९मध्ये संभाजीराजांची हत्या झाली आणि त्याच वर्षी रायगडही गेला. बळाच्या हिशेबाने युद्ध इथे संपायला हवे होते. राजाराम महाराज जिंजीला पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ खजिना म्हणावा असे काही उरले नव्हते. तरी यानंतर आणखी अठरा वर्षे युद्ध चालले.

खजिना नसताना फौज उभी कशी राहिली? रोख पगाराच्या जागी वतने आणि सरंजाम देऊ केले गेले, तेही पुष्कळदा अजून जिंकायच्या मुलखावरचे. १६९१ साली हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या आश्वासनात ६ लाख होनांचा सरंजाम टप्प्याटप्प्याने मिळायचा होता: काही भाग रायगड आणि आसपासचा मुलूख सोडवल्यावर, काही विजापूर, भागानगर (हैदराबाद) आणि औरंगाबाद घेतल्यावर, आणि शेवटचा दिल्ली जिंकल्यावर. भविष्यातल्या विजयावर काढलेले हे कर्ज होते. देणाऱ्याकडे तारण नव्हते आणि तरीही घेणाऱ्याने ते मान्य केले, कारण दोघांचेही सर्वस्व एकाच गोष्टीवर टांगलेले होते. संताजी आणि धनाजींच्या फौजा या करारावर लढल्या. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर ताराबाईंनी याच बळावर युद्ध पुढे नेले.

दुसऱ्या बाजूला बादशहाची तिजोरी होती, आणि तिने किल्ले मिळवूनही दिले. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड एकामागून एक गेले; विशाळगडासारखे काही किल्ले लाखांच्या रकमा मोजून हाती आले. तोरणा तेवढा चढाई करून घेतला गेला. पण बादशहाची छावणी पुढच्या गडाकडे वळली की मागचा गड मराठे परत घेत, आणि तोच गड पुन्हा विकत घ्यावा लागे. १७०७मध्ये आजच्या अहिल्यानगरला औरंगजेब वारला तेव्हा दख्खन उजाड झाली होती आणि मनसबदारांचे पगार थकले होते. पैशाने त्याला पंचवीस वर्षे मिळाली. मराठ्यांनी लढायचे थांबावे, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती आणि ती त्याला मिळाली नाही. अर्थात उधारीवर लढलेल्या या युद्धाची फेड पुढच्या पिढ्यांना करावी लागली. आपापल्या सरंजामावर बळकट झालेले सरदार मध्यवर्ती सत्तेला जुमानेनासे झाले, त्याची सुरुवात याच काळात आहे.

पानिपतच्या मोहिमेत, १७६०च्या ऑगस्टमध्ये, सदाशिवरावभाऊंनी दिल्लीतल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवले. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये झाले. त्यांच्या विशाल फौजेला ते कितीसे पुरणार? उत्तरेतला महसूल वसूल होत नव्हता, दक्षिणेतून पैसा पोहोचत नव्हता आणि डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर धान्याची वाटही तुटली. मराठी राज्य त्या वेळी गरीब नव्हते. पैसा हवा तिथे आणि हवा तेव्हा नव्हता, आणि १४ जानेवारी १७६१ला माणसे उपाशी पोटी रणात उतरली.

१८०३च्या इंग्रज-मराठा युद्धात मात्र पैसा खरोखर निर्णायक ठरला, आणि तो कसा ठरला हे आपण नीट वाचलेले नाही. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या तोफखान्याने आर्थर वेलस्लीच्या फौजेची भयंकर हानी केली. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा सेनापती असईला, सैन्याच्या संख्येच्या मानाने, आपण पाहिलेली सर्वांत रक्तरंजित लढाई मानत असे. तोफा कमी नव्हत्या, त्या चालवणारे हातही कमी नव्हते. रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने २००३ साली या मोहिमांवर मोठा ग्रंथ लिहिला. इंग्रजी शिस्त आणि तंत्र श्रेष्ठ होते म्हणून मराठे हरले, ही समजूत त्याने खोडून काढली आहे. त्याच्या मते इंग्रजांनी हिंदुस्थानातला लष्करी बाजारच ताब्यात घेतला. युद्धाच्या तोंडावर त्यांनी शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना निवृत्तिवेतनाची हमी देऊन बाहेर काढले. उत्तरेतला शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ सप्टेंबरातच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. सुरतेचे अर्जुनजी नाथजी त्रवाडी यांच्यासारखे सावकार कंपनीच्या पाठीशी होते. कंपनीची हुंडी ठरल्या दिवशी पटत होती, म्हणून तिला बैल मिळत होते, धान्य मिळत होते, शिपाई मिळत होते.

दौलतराव शिंद्यांच्या फौजेचे पगार मात्र सदा थकलेले. १७९८ साली ते भागवण्यासाठी सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्या सावकारांचा आणि कारभाऱ्यांचा जो छळ केला, त्याच्या हकिकती पेशवाईच्या इतिहासात जागोजाग आहेत. लुटलेला सावकार पुन्हा उसने देत नाही. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी साहुकारांना राज्याचे भूषण मानून त्यांना जपण्याची ताकीद दिली होती. स्वराज्याच्या या अनुभवी कारभाऱ्याने सांगितलेले शहाणपण ऐंशी वर्षांत धुळीला मिळाले. १८०३चा निकाल पैशाच्या राशीपेक्षा पतीने लावला, असे मी समजतो, आणि आपल्या शालेय पुस्तकांत हा अध्याय याच अंगाने शिकवला जावा असे मला मनापासून वाटते.

ही पत बांधायचे काम इंग्लंडने शंभर वर्षे आधी सुरू केले होते. फ्रान्सशी लढण्यासाठी १२ लाख पौंडांचे कर्ज आठ टक्क्यांनी उभारायचे, या कामासाठीच १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली. फ्रान्सची जमीन आणि लोकसंख्या कितीतरी मोठी; पण तिथे कर्ज राजाच्या शब्दावर मिळे आणि इंग्लंडमध्ये संसदेच्या हमीवर. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स जिंकणाऱ्या बाजूला होता, तरी त्या विजयाच्या कर्जाखाली इतका वाकला की १७८९मध्ये सोळाव्या लुईला करांसाठी इस्टेट्स-जनरल ही सभा बोलवावी लागली. पुढे जे झाले ते सर्वांना माहीत आहे. नेपोलियनशी लढताना ब्रिटनने १७९९पासून प्राप्तिकर बसवला आणि मित्रराष्ट्रांना सुमारे साडेसहा कोटी पौंड दिले. नेपोलियन एकेक आघाडी मोडत होता, ब्रिटन नवी उभी करत होता. युद्ध संपले तेव्हा ब्रिटनवर त्याच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास कर्ज होते, पण बावीस वर्षे तग धरायला लागणारा वेळ त्या कर्जाने मिळवून दिला होता.

दोन्ही महायुद्धांतही शेवटी श्रीमंत बाजू जिंकली. एकट्या १९४४ साली अमेरिकेने सुमारे ९६ हजार विमाने बनवली. जर्मनीने सुमारे ४० हजार, जपानने २८ हजार. अमेरिकी गोद्यांनी २,७१० लिबर्टी जहाजे बांधली. 'लेंड-लीज' योजनेखाली सुमारे ५० अब्ज डॉलरची सामग्री मित्रराष्ट्रांना गेली. पण याच दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षी, मे-जून १९४० मध्ये, मॅजिनो तटबंदीवर प्रचंड खर्च करून बसलेला फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला. मित्रराष्ट्रांकडे त्या वेळी जर्मनीपेक्षा रणगाडे कमी नव्हते. फ्रान्सला वेळ मिळाला नाही. ब्रिटनला इंग्लिश खाडीने, रशियाला अफाट भूमीने आणि अमेरिकेला दोन महासागरांनी वेळ मिळाला. अर्थशास्त्रीय इतिहासकार मार्क हॅरिसन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अभ्यासात हाच क्रम दाखवला आहे: पहिला घाव चुकला की मग अर्थव्यवस्थेचा आकार बोलू लागतो.

१९५० नंतर चित्र आणखी बदलते. इव्हान अर्रेग्विन-टॉफ्ट यांनी बलाढ्य विरुद्ध दुबळा अशा युद्धांची दोनशे वर्षांची यादी तपासली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुबळ्या बाजूने दर दहांतले फार तर एखादे युद्ध जिंकले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. दुबळ्याने बलाढ्याच्या पद्धतीने लढायचे नाकारले की पैशाचा फायदा विरघळतो, असा त्यांचा निष्कर्ष. स्टीफन बिडल यांनी २००४ सालच्या ग्रंथात सैन्यबळ आणि अर्थबळ यांच्या आकड्यांवरून लढाईचा निकाल वर्तवता येत नाही असे दाखवून दिले. सैन्य कसे वापरले जाते, आडोसा, पांगापांग आणि तोफा-पायदळाचा मेळ यांत ते किती तरबेज आहे, हे त्यांच्या मते अधिक महत्त्वाचे.

अफगाणिस्तानपुढे या चर्चेला फारसे काही उरत नाही. ब्राउन विद्यापीठाच्या हिशेबाने अमेरिकेचा या युद्धावरचा खर्च सुमारे २,३०० अब्ज डॉलर. त्यातले ८० अब्जांहून अधिक केवळ अफगाण फौज आणि पोलीस उभारण्यावर गेले. कागदावर तीन लाखांची ही फौज होती. त्यातली कित्येक नावे केवळ पगार उचलण्यापुरती होती, हे अमेरिकी सरकारनेच नेमलेल्या महानिरीक्षकांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवले. १५ ऑगस्ट २०२१ला काबूल लढाईविना पडले. वीस वर्षे विकत घेतली गेली, आणि त्या वीस वर्षांत स्वतःसाठी लढावे असे राज्य अफगाण सैनिकाला मिळाले नाही. व्हिएतनामची कथा याहून वेगळी नाही. ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी गमावून ती ३० एप्रिल १९७५ रोजी सायगावला संपली. या दोन्ही युद्धांत जे मेले त्यांची संख्या पाहिली की पैशाबद्दल कोरडेपणाने लिहिणे अवघड होते.

तरी घाईने उलट टोकालाही जाऊ नये. अझरबैजानने तेलाच्या पैशातून वर्षानुवर्षे तुर्की आणि इस्रायली ड्रोन घेतले, त्यांवर माणसे तयार केली आणि २०२०च्या शरद ऋतूत ४४ दिवसांत आर्मेनियाकडून नागोर्नो-काराबाखचा मोठा भाग परत घेतला. त्याहून कितीतरी श्रीमंत सौदी अरेबिया मार्च २०१५पासून येमेनमध्ये लढला आणि हौथी बंडखोरांना सना शहरातून हलवू शकला नाही. तेल दोघांकडे होते. अझरबैजानची लढाई मर्यादित होती, आपल्याच गेलेल्या भूमीसाठी होती आणि तिची तयारी आधी झाली होती.

युक्रेनच्या युद्धात पैशाचे शस्त्र होण्याला लागणारा वेळ उघड्यावर आला. मार्च २०२३मध्ये युरोपीय संघाने वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले. पैशाची अडचण नव्हती. युरोपची अर्थव्यवस्था रशियाच्या कित्येक पट. मुदत संपली तेव्हा निम्मेच गोळे पोहोचले होते, कारण तीस वर्षांच्या शांततेत कारखाने बंद झाले होते, स्फोटके आणि दारू बनवणारे थोडेच उरले होते, आणि कुशल कामगार निवृत्त झाले होते. अमेरिकेत १५५ मिलिमीटरच्या गोळ्यांचे उत्पादन युद्धाआधी महिन्याला सुमारे १४ हजार होते. खंदकातल्या सैनिकाने मात्र पुढच्या आर्थिक वर्षाची वाट पाहायची नसते. दुसरीकडे काही शे डॉलरचा ड्रोन लाखो डॉलरचा रणगाडा निकामी करतो, आणि तांबड्या समुद्रात हौथींच्या स्वस्त ड्रोनांवर अमेरिकी नौदलाला सुमारे वीस लाख डॉलरचे एकेक क्षेपणास्त्र सोडावे लागले. २०२४मध्ये युक्रेनने आपल्या जीडीपीच्या ३४ टक्के लष्करावर घातले. रशियाचा खर्च रकमेने त्याच्या दुपटीहून अधिक होता. तरीही निकाल लागलेला नाही.

आता भारताकडे वळतो. १९६२च्या पराभवाचे खापर सहसा तोकड्या खर्चावर फोडले जाते. ते अर्धेच खरे. सुती कपड्यांत आणि जुन्या .३०३ रायफली घेऊन जवान बर्फात उभे होते, रस्ते नव्हते, हे पैशाचे दुर्लक्ष. पण सामग्री पोहोचत नाही तिथे चौक्या पुढे सरकवणे आणि हवाई दलाला लढाईत न उतरवणे, हे निर्णय पैशाअभावी झाले नव्हते. त्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६४ ते १९६९साठी ५,००० कोटी रुपयांची पंचवार्षिक संरक्षण योजना आली. खर्चाची वाढ सामान्यांना सोसावी लागली: १९६३च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरटहून शुद्ध दागिने घडवायला बंदी आली आणि देशभरच्या सोनारांचा धंदा बसला. चव्हाणांच्या कामात मला रकमेपेक्षा मोलाचे वाटते ते त्यांनी सेनापती आणि मंत्रालय यांच्यात पुन्हा बसवलेले विश्वासाचे नाते. १९७१मध्ये त्याचे फळ दिसले. एप्रिलमध्येच युद्ध सुरू करा असा दबाव असताना लष्करप्रमुख सॅम माणेकशॉ यांनी पावसाळा ओसरून हिवाळ्यात खिंडी बंद होईपर्यंतचा वेळ मागितला आणि इंदिरा गांधींनी तो दिला. एक कोटी निर्वासितांचा भार देश सोसत होता. पण त्या महिन्यांत फौजा हलल्या, साठे भरले, सोव्हिएत संघाशी करार झाला आणि डिसेंबरात तेरा दिवसांत ढाका पडले.

यानंतरची दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत. १९८७च्या आसपास भारताचा लष्करी खर्च जीडीपीच्या चार टक्क्यांवर गेला, स्वतंत्र भारताच्या इतिहासातल्या सर्वांत वरच्या पातळ्यांपैकी ती एक. त्याच वर्षी शांतिसेना श्रीलंकेत गेली. सुमारे १,२०० जवान गमावून १९९०मध्ये ती परतली, आणि आपण तिथे नेमके कोणासाठी आणि कशासाठी लढलो हे तिला कुणी नीट सांगितलेच नव्हते. त्यानंतर १९९१च्या आर्थिक संकटाने संरक्षणाला कात्री लागली. उणिवा सगळ्यांना माहीत होत्या. १९९९मध्ये लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी जे हाती आहे त्यानिशी लढू असे जाहीर सांगितले, आणि ५२७ जवानांच्या बलिदानाने कारगिल जिंकले गेले. उद्दिष्ट स्पष्ट होते, भूमी आपली होती, आणि बदनाम झालेल्या बोफोर्स तोफांनी शिखरे भाजून काढली. या दाखल्यावरून खर्च कमी करावा असे कोणी म्हटले तर मी विरोध करीन. शस्त्राची उणीव जवानाने छातीने भरून काढावी, ही अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क नाही.

मग २०२५-२६च्या त्या ६.८१ लाख कोटींत काय होते? सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनावर, ३.१२ लाख कोटी पगार, इंधन, देखभाल यांवर, आणि १.८० लाख कोटी नव्या शस्त्रांसारख्या भांडवली खर्चासाठी. निवृत्तिवेतन हे राष्ट्राने दिलेले वचन आहे, त्याला ओझे म्हणणे मला मान्य नाही. पण टक्केवारीच्या वादात ही रचना बुडून जाते आणि त्याहून मोठी उणीव, वेळेची, कुणाला दिसतच नाही. २०२४-२५मध्ये भांडवली खर्चाला १.७२ लाख कोटी मंजूर झाले. सुधारित अंदाजात ते १.५९५ लाख कोटी झाले. साडेबारा हजार कोटी खर्चच होऊ शकले नाहीत. तेजस विमानाचा प्रकल्प १९८३चा, पहिले उड्डाण २००१चे, पहिली स्क्वाड्रन २०१६ची. २०२१मध्ये मागवलेली ८३ तेजस मार्क-१ए विमाने अमेरिकी इंजिने वेळेवर न आल्याने रखडली. नाशिकजवळ ओझरला ज्या मिग-२१ विमानांची बांधणी झाली, ती अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाली आणि ४२ स्क्वाड्रन मंजूर असलेल्या हवाई दलाकडे २९ उरल्या. बोफोर्सच्या वादानंतर तीस वर्षे आपण नवी तोफ विकत घेऊ शकलो नाही. तिजोरीत पैसा नव्हता म्हणून असे झाले नाही, सही करायला कोणी धजत नव्हते.

तोफगोळ्यांचे तेच. २०१७मध्ये कॅगने सांगितले की तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकार दहा दिवसही पुरणार नाहीत. त्यानंतर साठे सुधारले, संरक्षण उत्पादन २०२४-२५मध्ये दीड लाख कोटींच्या पुढे गेले, आणि २०१३-१४मध्ये ६८६ कोटी असलेली निर्यात २३,६२२ कोटींवर पोहोचली. हे यश खरे आहे. मार्च २०२५मध्ये ३०७ स्वदेशी तोफांचा करार झाला, त्यात पुण्याची भारत फोर्ज आहे. पण उद्या एखादे युद्ध लांबलेच, तर ते किती दिवस लढता येईल हे खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा आणि भद्रावतीच्या कारखान्यांतल्या पाळ्यांवर ठरेल. २४ जानेवारी २०२५ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार गेले. त्यांची नावे कोणत्याही युद्धस्मारकावर कोरली जाणार नाहीत, पण संरक्षण खर्च म्हणजे हीही माणसे आहेत. त्यांच्या सुरक्षेवर, त्यांच्या जुन्या यंत्रांवर आणि त्यांच्या पुढच्या पिढीच्या प्रशिक्षणावर घातलेला रुपया, माझ्या मते, परदेशी बनावटीच्या दिमाखदार खरेदीतल्या रुपयापेक्षा अधिक दिवस पुरतो.

हा पैसा कोण देतो, हेही विसरून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात ब्रिटिशांसाठी झालेल्या खर्चापोटी लंडनला सुमारे १३० कोटी पौंडांची देणी साचली. इथे त्याची भरपाई नोटा छापून झाली, महागाई भडकली आणि १९४३च्या बंगालच्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसे मेली. मित्रराष्ट्रे जिंकली त्या पैशातला एक वाटा त्यांच्या ताटातून गेला होता. असे काही होऊ शकते हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी खूप आधी ओळखले होते. १८९७मध्ये वेल्बी आयोगापुढे आणि १९०२पासून कलकत्त्याच्या कायदेमंडळात ते लष्करी खर्चाचा आकड्यांनिशी समाचार घेत राहिले. गरीब करदात्यावर साम्राज्याच्या फौजेचा भार कशासाठी, आणि शिक्षणाला पैसा का उरत नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यांना अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकारही नव्हता, फक्त बोलता येत होते.

आज आपल्या प्रतिनिधींना मताचा अधिकार आहे, पण ते बोलत नाहीत. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने सर्व खात्यांच्या मागण्या, संरक्षणाच्या धरून, चर्चेविना मंजूर केल्या. इतर वर्षीही संरक्षणाच्या मागण्या बहुधा अशाच चर्चेविना, 'गिलोटिन'खाली मंजूर होतात. तीन टक्के द्यावेत की दोन, यावर मतभेद असू शकतात. मंजूर पैसा परत का गेला, विमान दहा वर्षे उशिरा का आले, दारूगोळा किती दिवसांचा आहे आणि लढायचे झाले तर कशासाठी, हे प्रश्न मात्र सभागृहात विचारले गेलेच पाहिजेत. वाचकांना माझी विनंती आहे, येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आपल्या खासदाराला एक पत्र लिहा आणि विचारा: संरक्षणाच्या मागण्यांवर पूर्ण चर्चा व्हावी म्हणून तुम्ही उभे राहाल का?